एकशे दहा किलो

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

रागात माझं अक्षर सुधारतं. हे मला दहावीपासून माहीत आहे. दहावीनंतर शाळा सुटली, अक्षर राहिलं. वही वर्कशॉपच्या कपाटातली आहे. पुढे तक्रार करावी लागणार हे आजच दिसतंय, म्हणून तारीखवार नोंद ठेवतो.

दुपारी सव्वाबाराला माझी बायको कुमुद कोनहून, माझ्या वर्कशॉपमधून, खांदा कॉलनीत घरी जायला रिक्षात बसली. बारा बत्तीसला वळणावर टेम्पोने मागून ठोकलं. रिक्षा उजव्या अंगावर आडवी झाली. रिक्षावाल्याला खरचटलं. कुमुदचं उजव्या मांडीचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. मी पोचलो तेव्हा चौदा माणसं उभी होती, त्यातली पाच मोबाइलवर शूटिंग करत होती. एक जण म्हणाला, क्रेन बोलवा रे. त्याचा चेहरा मी लक्षात ठेवला आहे.

हॉस्पिटलचं नाव इथे लिहीत नाही, तक्रारीत लिहीन. स्ट्रेचर छप्पन्न सेंटिमीटर रुंद. कुमुदचा डावा हात सगळा वेळ बाहेर लोंबत होता, तो मी धरून चाललो. काउंटरवरच्या पोराने पार बाहेरच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "पेशंटचं वजन?" मागे दोन वॉर्डबॉय एकमेकांना कोपर मारत होते.

मी म्हणालो, "एकशे दहा."

कुमुद डोळे मिटून होती. खरा आकडा मला माहीत आहे. दर दसऱ्याला वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा झाली की मी, कुमुद आणि आमची मुलगी मिताली माल तोलायच्या काट्यावर उभे राहतो आणि मी आकडे लिहून ठेवतो. यंदा कुमुद १४८.२. तो आमच्या घरातला आकडा आहे, दात काढणाऱ्यांच्या हातात द्यायचा नाही. तिचं वजन सांगताना मी नेहमीच थोडं मागे ठेवतो. त्यात कुणाचं काही जात नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

उद्या ऑपरेशन. मांडीच्या हाडात सळई घालणार. भूल देणाऱ्या बाईंनी पुन्हा वजन विचारलं. केसपेपरवर आहे, म्हणालो. त्यांनी कुमुदकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि पुढचं पान उलटलं. एकदा दिलेला आकडा बदलला की माणूस खोटा ठरतो.

मात्र मी ऑपरेशनच्या टेबलावरच्या कंपनीच्या पट्टीचा फोटो कुणाला तरी मोबाइलवर काढून आणायला लावला. दोनशे किलोपर्यंत चालतं. तेवढी खात्री करून घेतली. मी बेजबाबदार माणूस नाही.

यांचा वजनकाटा पाहिला. बाथरूमच्या दारामागे ठेवलेला, उभं राहायचा, एकशे वीसपर्यंतचा. मोडक्या मांडीच्या बाईने त्यावर उभं कसं राहायचं, हे त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

काल ऑपरेशन झालं. दोन तास चाळीस मिनिटं. सळई नीट बसली आहे. एक्स-रे मी स्वतः उजेडात धरून पाहिला, स्क्रू सरळ गेले आहेत. बत्तीस वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाला तेवढं कळतं.

आजची गोष्ट ब्लडप्रेशरची. सिस्टरचं नाव प्राची, उरणकडच्या गावातली, वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिने दंडाला पट्टा बांधला, पंप मारला, आणि पट्टा फाडकन सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा तिने हाताने दाबून धरला आणि म्हणाली, एकशे बहात्तर. डॉक्टरांनी लगेच प्रेशरची गोळी लिहून दिली.

मी टेप काढला. माझ्या खिशात टेप असतोच. कुमुदचा दंड चव्वेचाळीस सेंटिमीटर. पट्ट्यावर बारीक अक्षरांत छापलंय, बत्तीसपर्यंत. मी गोळी थांबवायला लावली, मार्केटमधली तीन दुकानं पालथी घातली, मोठा पट्टा घेऊन आलो. एकशे छत्तीस. डॉक्टरांनी गोळी खोडली. मी सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणालो की चुकीच्या आकड्यावर औषध देणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

प्राची म्हणाली, "बरोबर आहे काका. पट्टा मी तीनदा मागितलाय वरून." मग वर बसणाऱ्यांना जाब विचारायचा होता, असं मी सुनावलं.

तक्रारीचा मुद्दा क्रमांक चार.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला, माकडहाडापाशी जखम होते. हे मी वाचलेलं आहे. इथे कालच्या दिवसपाळीत तीनदा बदलली. आठ तासांत चारदा हवी होती. मी वेळा लिहून पलंगाच्या पायाशी चिकटवल्या.

वॉर्डातला जुना माणूस काशिराम. सगळे त्याला मामा म्हणतात. आज तो आला, हात चोळत म्हणाला, "मावशींना वळवायचं म्हणजे एसटी वळवायची. मागं बघा, कुणी नाय ना?"

मी त्याची कॉलर धरली. खरंच धरली. प्राची मध्ये आली. माझ्या बायकोची टिंगल करायची नाही, असं मी त्याला निक्षून सांगितलं. कुमुदचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं. बरगड्या दुखल्या असणार. नंतर ती मला म्हणाली, "अहो, मला हसू आलं होतं." औषधांच्या गुंगीत माणूस काहीही बोलतो.

नोंदीत खोटं नको म्हणून लिहितो. काशिरामने वळवलं ते बरोबर वळवलं. खाली चादर दुहेरी घालून, चौघं, आकडे मोजून, मोडका पाय मध्ये उशी देऊन सरळ रेषेत. कुमुद कण्हली नाही. परवा दोन शिकाऊ मुलींनी हाताला धरून ओढलं होतं तेव्हा ती किंचाळली होती. पण कामात चांगला असला म्हणून तोंड सैल सोडायचा परवाना मिळत नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

पोटाच्या वळीखाली लाल झालंय. छातीखालीही. घाम साचतो, कातडीला कातडी घासते. एका आयाने पावडरचा डबा उपडा केला. तिचा लगदा झाला. प्राचीने तो पुसून काढला, कोमट पाण्याने धुतलं, टिपून कोरडं केलं आणि प्रत्येक वळीत मऊ सुती कापडाची घडी ठेवली. ती तिन्हीत्रिकाळ बदलायची. तिने हे पडदा ओढून केलं आणि मला बाहेर काढलं.

मी पडद्याबाहेरून सूचना देत होतो. आतून कुमुद म्हणाली, "प्राची, ह्यांना चहा प्यायला पाठव."

सोमवार, १८ नोव्हेंबर

पलंग नव्वद सेंटिमीटर. कुमुद पाठीवर निजली की दोन्ही बाजूंचे कठडे तिच्या कमरेत रुततात. कूस बदलायची तर जागाच नाही. मॅनेजर म्हणजे अपूर्व नावाचा पोरगा, शर्ट इस्त्रीचा, बोलताना घड्याळ बघणारा. त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, बेड स्टँडर्ड साइजचा आहे. पेशंट स्टँडर्ड साइजचा नसेल तर आम्ही काय करणार?"

हे वाक्य मी त्याच्यासमोर वहीत उतरवून घेतलं. त्याला परत म्हणायला लावलं, कारण "स्टँडर्ड" दोनदा होतं की एकदा, याची मला खात्री नव्हती. दोनदा होतं.

मग मी कोनला गेलो आणि दिवसभर बसून काम केलं. दोन्ही बाजूंना आठ-आठ इंचांचे लोखंडी पंख, बोल्टने बसणारे, वर जाड फळी. डोक्यावर आडवी दांडी आणि तिला साखळीने टांगलेली मूठ, म्हणजे कुमुदला हातांच्या जोरावर स्वतःला उचलता येईल. ड्रॉइंग काढलं, मापं लिहिली, भार लिहिला. भार खरा धरावा लागतो. लोखंडाला लाजून चालत नाही.

संध्याकाळी बसवलं. कुमुदने मूठ धरली, दात आवळले, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा आपणहून इंचभर वर झाली. म्हणाली, "बघा, उठली एसटी." काशिराम मोठ्याने हसला. मी ड्रॉइंग प्लॅस्टिकमध्ये घालून पलंगाच्या पायाशी लावलं, खोलताना कुणी चुकीचा बोल्ट आधी काढू नये म्हणून.

बुधवार, २० नोव्हेंबर

रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून पायांत घट्ट मोजे घालतात. यांच्याकडचा सगळ्यांत मोठा मोजा कुमुदच्या पोटरीवर चढतच नाही. अर्ध्यात गुंडाळला जातो आणि दोरीसारखा आवळतो. तीन दिवसांपूर्वी काढला, दुसरा दिला नाही. मुद्दा क्रमांक एकोणीस.

मी रोज दोन्ही पोटऱ्या मोजतो. मोडलेल्या पायाची सूज कळते, पण आज डावी, म्हणजे धडधाकट पायाची, परवापेक्षा साडेतीन सेंटिमीटरनी जास्त भरली. दाबली तर दुखते, गरम लागते. प्राचीला दाखवलं. ती म्हणाली, काका, बरं झालं मोजलंत, आणि धावतच गेली. डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, झाली. गाठ आहे, गुडघ्याच्या वरपर्यंत.

माझ्या टेपने सापडली. त्यांच्या एकाही यंत्राने नाही.

डॉक्टर म्हणाले की गाठ होऊ नये म्हणून वजन बघून ठरवलेलं रोजचं इंजेक्शन चालू होतंच, आता गाठ वाढू नये म्हणून त्याचाच मोठा डोस द्यायचा, दिवसातून दोनदा, वजनाच्या हिशेबाने. त्यांनी केसपेपर उघडला, आकडा वाचला, मोबाइलवर गुणाकार केला, डोस लिहिला. मी शेजारीच उभा होतो.

त्यांचं अक्षर अत्यंत घाणेरडं आहे. औषधाचं नाव मला तीन वेळा विचारावं लागलं. असल्या अक्षराने उद्या कुणाचा जीव जाईल. मुद्दा क्रमांक वीस.

जेवलो नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

सकाळी दहाला कुमुदला धाप लागली. निजूनच. ऑक्सिजन एक्क्याण्णव. गाठीचा तुकडा फुप्फुसात गेला असावा, असं डॉक्टर म्हणाले. आयसीयूतला पलंग याहून अरुंद आहे, म्हणून सिस्टर बसतात त्या टेबलाजवळच्या कोपऱ्यात हलवायचं ठरलं, तिथे मॉनिटर आणि ऑक्सिजन दोन्ही आहे. मधल्या दारातून पलंग जायला माझे पंख काढावे लागणार होते.

प्राचीने ड्रॉइंग हातात घेतलं, मी बोल्ट काढत होतो. ती मोठ्याने वाचत होती, आधी तीन नंबर, मग चार. आणि थांबली.

"काका, हे काय लिवलंय? रुग्णाचा भार एकशे अठ्ठेचाळीस?"

मी म्हणालो, लोखंडाच्या कामात भार जास्तच धरायचा असतो.

"जास्तीचा खाली वेगळा धरलाय तुमी. दीडपट. हितं रुग्णाचा लिवलाय, पॉइंट दोनसकट."

पाना हातात होता. डॉक्टर उशाशी उभे होते, त्यांनी केसपेपर उघडला. त्यावर माझाच आकडा होता.

प्राची एरवी आमच्याशी शहरी बोलते. आज ती तिच्या गावचं बोलली. "धा दिवस मी ह्या कागदावर विंजेक्शन देत्येय. धा दिवस कमी देत्येय. तुमी बाजूला उभं राहून वेळा लिवताय, पोटऱ्या मोजताय, आमच्या चुका काढताय. तुमी आमाला फसवलंत काका. आमाला नाय, मावशींना."

मग माझं डोकं फिरलं. दहा दिवसांत तुमच्या हॉस्पिटलला एका बाईचं वजन करता आलं नाही, मी म्हणालो. दारातल्या एका घाबरलेल्या माणसाच्या शब्दावर तुम्ही भूल दिली, सळई घातली, औषधं दिली. तुमचा काटा एकशे वीसला संपतो आणि चोर मी? तुमची पोरं कोपरं मारत होती तेव्हा कुठे होतात? बायकोचं वजन चारचौघांत सांगायचं नसतं, एवढंही कळत नाही? मी बराच वेळ बोललो. शेजारच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला.

कुमुदने तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला. तिला तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत होता, तरी ती सावकाश बोलली, वर्गात बोलते तशी. पंचवीस वर्षं ती गणित शिकवते.

"वजन माझं. विचारलं तुम्हाला. सांगितलंत तुम्ही. आणि लाज वाटली तीही तुम्हालाच. मला कुणी विचारलंच नाही."

मी म्हणालो, कुमुद, मी तुझ्यासाठी...

"डॉक्टर, एकशे दहा नको. त्यांचं एकशे अठ्ठेचाळीसही नको. मोजा मला."

डॉक्टरांनी त्या क्षणी एकशे अठ्ठेचाळीस धरून डोस दिला, थांबण्यासारखं नव्हतं. मोजायचं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं. मी म्हणालो, मला माहीत आहे. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

कोनच्या भुसाऱ्याकडून आणि भाजीवाल्यांकडून सारखे चार इलेक्ट्रॉनिक काटे आणले, शंभर-शंभर किलोचे. वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवून चारही तपासले. पन्नास ग्रॅमपलीकडे एकही चुकत नाही. मोटारीचा जॅक आणला. पलंगाची चाकं लॉक केली, एक-एक बाजू जॅकने बोटभर उचलायची आणि चाकाखाली काटा सरकवायचा. काशिराम उशाशी कुमुदला धरून बसला होता. आज तो काही बोलला नाही. कुमुद त्याला म्हणाली, "मामा, बोला काहीतरी, वेळ जात नाही." तो म्हणाला, "डेपोत गाडी जॅकवर आसली की कंडक्टरनं गप बसायचं असतंय मावशी."

चारही काट्यांचे आकडे मी मोठ्याने सांगायचे आणि प्राचीने टेबलापाशी लिहायचे, असं ठरलं. एकसष्ट पूर्णांक चार. सहासष्ट पूर्णांक दोन. साठ पूर्णांक आठ. चौसष्ट पूर्णांक नऊ. वॉर्डात बारा पेशंट, त्यांचे नातेवाईक, मावश्या, सगळे बघत होते. माझा आवाज पहिल्या दोन आकड्यांना बसला होता, प्राचीने ते परत विचारले.

बेरीज २५३.३. तसाच दुसरा रिकामा पलंग आधीच मोजला होता, ६४.५. गादी, उशा, चादरी १३.४. वरची दांडी आणि कोपऱ्यात नेल्यावर पुन्हा बसवलेले पंख मिळून १८.५.

राहिले १५६.९.

मी म्हणालो, चुकलंय. पुन्हा मोजलं. पुन्हा १५६.९. सळईचं वजन पावशेराच्या वर नाही. सूज धरली, पाणी धरलं, तरी दसऱ्यापासून पावणेनऊ किलो वाढणार नाहीत, इथे तर जेवणही तिच्या पोटात जात नाही. मी वीस किलोचं वजन पुन्हा ठेवून एकेक काटा तपासायला लागलो.

"राहू द्या," कुमुद म्हणाली. "दसऱ्याला मी भिंतीला हात टेकून उभी असते."

मी विचारलं, कधीपासून?

"सात-आठ वर्षं झाली. तुमच्या काट्याच्या फळीवर माझे दोन्ही पाय नीट मावत नाहीत. पडेन असं वाटतं. म्हणून हात टेकते. लपवून नाही हो, तुमच्यासमोरच. तुम्ही आकडा बघत असता."

फळी बारा इंच बाय बारा इंच आहे. मीच बसवलेली.

प्राचीने १५६.९ लिहिलं, डॉक्टरांना फोन केला, डोस बदलला.

रविवार, २४ नोव्हेंबर

ऑक्सिजन चौऱ्याण्णव, नळी लावून. मी डॉक्टरांना सरळ विचारलं की पहिल्या दिवसापासून बरोबर आकडा असता तर गाठ झाली असती का. ते म्हणाले, कदाचित तरीही झाली असती. मोठं हाड मोडलं होतं, हालचाल नव्हती, मोजे नव्हते. कदाचित झाली नसती. सांगता येत नाही.

मला "कदाचित" नको होतं. टक्के सांगा म्हणालो. त्यांच्याकडे नव्हते. फार राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. खाली जाऊन स्कूटर पुसत बसलो.

सोमवार, २५ नोव्हेंबर

कुमुद माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी द्या. उशी सरकवा. प्राचीशी आणि काशिरामशी हसून बोलते. मी दोन तासांच्या नोंदी ठेवतोय. आज सकाळी वळवताना मी आकडे मोजायला लागलो तर म्हणाली, "आज मी मोजते. माझ्या तीनला उचलायचं, तुमच्या नाही." तिच्या तीनला उचललं. ती मूठ धरून स्वतःही वर होते, त्या क्षणीच हात लावला तर निम्म्या जोराने काम होतं. हे दहा दिवसांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही तिला विचारलं नव्हतं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

ऑक्सिजन काढला. शहाण्णव. आज पलंगाच्या कडेला पाय सोडून सात मिनिटं बसली. वळीखालची लाली गेली. माकडहाडापाशी बोटाच्या पेराएवढी जखम आहे, ती भरतेय. प्राची रोज ड्रेसिंग करते आणि पडदा ओढून मला बाहेर काढते. आता मी आपणहून जातो.

प्राची मला अजून "काका" म्हणते, पण त्याआधी थोडी थांबते.

सोमवार, २ डिसेंबर

तक्रार लिहून काढली. सत्तावीस मुद्दे, साडेपाच पानं, अक्षर स्वच्छ. मिताली खारघरहून ऑफिस सुटल्यावर आली, तिने सगळं वाचलं. मग पहिला मुद्दा पुन्हा वाचला.

"बाबा, हा काढा. हा ठेवलात तर बाकी सव्वीस कुणी वाचणारच नाही. ते म्हणतील तुमचीच चूक."

म्हटलं, आहेच.

"अहो, पण तुम्ही भांडायला चालला आहात की कबुली द्यायला?"

दोन्हीला, म्हणालो. एकाच कागदावर बसतं.

मिताली आईकडे बघायला लागली, आईने काहीतरी म्हणावं म्हणून. कुमुदने कागद मागितला. चष्मा लावून साडेपाच पानं सावकाश वाचली, वह्या तपासते तशी. तेराव्या मुद्द्यात माझी वजाबाकी चुकली होती, तिथे गोल केला. काशिरामचा मुद्दा, एसटीचा, पेनाने पूर्ण खोडला. म्हणाली, "ह्या वॉर्डात मला माणूस समजून टिंगल करणारा तेवढा एकच होता. बाकीचे मागून हसत होते."

मी वाद घातला नाही. सव्वीस मुद्दे राहिले. पुन्हा पहिल्यापासून स्वच्छ लिहून काढले.

पहिल्या मुद्द्याला तिने हात लावला नाही. फक्त "अंदाजे" हा शब्द काढला.

बुधवार, ४ डिसेंबर

अकराला अपूर्वच्या केबिनमध्ये गेलो. तो म्हणाला, ठेवून जा काका, बघतो. मी म्हणालो, माझ्यासमोर वाचा. त्याने घड्याळ बघितलं. मी खुर्ची ओढून बसलो.

त्याने पहिला मुद्दा वाचला. तो असा आहे: "१. रुग्ण दाखल करताना मी, रुग्णाचा पती, रुग्णाचं वजन जाणूनबुजून एकशे दहा किलो सांगितलं. घरच्या काट्यावर ते १४८.२ होतं. प्रत्यक्षात ते १५६.९ निघालं. हे मी रुग्णाला न विचारता केलं. दहा दिवस गप्प राहिलो. गाठ सापडल्यावर, माझ्यासमोर चुकीचा डोस लिहिला जात असतानाही गप्प राहिलो."

वाचता वाचता त्याचे खांदे सैल झाले. तो खुर्चीत मागे रेलला, हसला, पानं जुळवून टेबलावर ठेवली.

"मग प्रश्नच मिटला काका. मूळ चूक तुमचीच आहे की. तुम्ही स्वतः लिहून दिलंत. बरं झालं."

"हो," मी म्हणालो. "माझी पहिली. मला जी काही शिक्षा व्हायची ती वर वॉर्डात चालू आहे, तिची काळजी तुम्ही करू नका."

तो उठायला लागला. मी पानांवर हात ठेवला आणि पहिलं पान त्याच्याकडे परत सरकवलं.

"बसा. दुसरा मुद्दा वाचा. मोठ्याने."